गरम झाली की बंद, थंड झाली की चालू: एमजीबीचं जुनं दुखणं

परवा रात्री इंग्लंडातल्या लेस्टरहून, जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) चालवणाऱ्या एका ओळखीच्या मुलाचा फोन आला. "ताई, परत तेच झालं. चाळीस मिनिटं मस्त चालली, सिग्नलला थांबलो आणि गेली. अर्ध्या तासाने एका सेल्फमध्ये चालू." दोन आठवड्यांपूर्वीच त्याने गाडीतला पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढून इंजिनाला देणारा, नवा बसवला होता. मी विचारलं, "बंद पडली तेव्हा आरपीएमचा काटा कुठे होता?" ते त्याने बघितलं नव्हतं. हाच प्रश्न मी आजवर इतक्या जणांना विचारलाय, की आता सगळं एकदाच सविस्तर लिहून काढते.

माझी गाडी १९७२ ची एमजीबी रोडस्टर. १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, एसयू कंपनीचे दोन कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे), ल्युकासचा डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने वीज वाटणारा), त्यात पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे) आणि कंडेन्सर (करंट झटकन तुटायला मदत करणारा). हे दुखणं मी माझ्या गाडीत चार वेळा आणि मित्रमंडळींच्या गाड्यांत त्याहून जास्त वेळा काढलंय. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः १९७४ पर्यंतच्या, क्रोम बंपरच्या गाड्यांसाठी आहे. नंतरच्या गाड्यांत कॉइल (बॅटरीच्या विजेचा दाब ठिणगीइतका वाढवणारी) वेगळी असते, ते जागच्या जागी सांगते.

लक्षणं

वरवर पाहता सगळ्यांची तक्रार एकच असते, पण तिचे चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा रोख वेगळा.

पहिला: गाडी चालत असताना, बहुतेक ट्रॅफिकमध्ये, मिसिंग मारायला, म्हणजे ठोके चुकवायला लागते. दोन-चार झटके देते आणि बंद पडते. वीस मिनिटांनी काहीच झालं नाही अशी चालू होते, पण पुढच्या वेळी लवकर बंद पडते.

दुसरा: चालताना काही त्रास नाही. पेट्रोल भरायला किंवा चहाला थांबलात, दहा मिनिटांनी परत आलात, तर सेल्फ मारून मारून चालू होते, अर्धा मिनिट कशीबशी चालते आणि मरते.

तिसरा: हायवेवर एका वेगात जाताना हळूहळू दम जातो. ॲक्सिलरेटर दाबलात तर आणखी जातो.

चौथा: खटकन बंद. झटका नाही, मिसिंग नाही, किल्ली काढल्यासारखी गप्प. कधी दोन सेकंदांत आपणहून परत येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी थंड झाल्यावर चालू होते म्हणून लोक म्हणतात, पेट्रोलची वाफ झाली होती, एअर लॉक होता. मीही तेच धरून चालले होते. लहानपणी काकांच्या ॲम्बॅसेडरमधून आम्ही पाचगणीला जायचो, तेव्हा पसरणी घाटात ती हमखास थांबायची. काका बॉनेट उघडून पंचा भिजवायचे, पेट्रोल पंपावर टाकायचे आणि आम्ही सगळे कठड्यावर बसून वाट बघायचो. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे याच बी-सिरीजचं भावंड. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की या इंजिनाला गरम झाल्यावर पेट्रोलच नडतं. पण तिकडे पेट्रोल पंप इंजिनालाच लावलेला होता. एमजीबीत पंप विजेवर चालतो आणि तो मागे, उजव्या चाकाच्या बाजूला, इंजिनापासून लांब आहे. तीन उन्हाळे मी पंप, फिल्टर आणि नळ्या बदलत राहिले, आणि दोष निघाला तो नखाएवढ्या कंडेन्सरमध्ये.

थंड होण्याने पेट्रोल जसं पूर्ववत होतं तसा कंडेन्सरही होतो आणि कॉइलही होते. म्हणजे थंड झाल्यावर चालू झाली, यावरून काहीच सिद्ध होत नाही. जो काही पुरावा आहे तो बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत आहे. तेवढ्यात तो घ्यायचा.

सीटवर बसूनच करायच्या गोष्टी

यांना पैसा लागत नाही, पानाही लागत नाही.

मिसिंग सुरू होताच आरपीएमच्या काट्याकडे बघा. गाडी गिअरमध्ये घरंगळतेय, म्हणजे इंजिन फिरतंय, आणि काटा मात्र एकदम शून्यावर पडला किंवा थरथरायला लागला, तर कॉइलच्या प्राथमिक बाजूचा, म्हणजे बॅटरीकडून येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूचा, करंट तुटतोय. हा काटा कॉइलच्या सर्किटवरच चालतो, म्हणून तो इतक्या खात्रीने सांगतो. काटा इंजिनाबरोबर सावकाश खाली येत असेल तर प्राथमिक बाजू ठीक आहे. मग रोटर (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून प्लगांकडे वीज पाठवणारा), कॉइलची हाय टेन्शन, म्हणजे ठिणगीकडची जास्त दाबाची बाजू, किंवा पेट्रोल.

लगेच चोक अर्धा ओढा. चोक ओढल्यावर गाडी सावरली तर पेट्रोल कमी पडतंय. काहीच फरक नाही किंवा आणखी बिघडली, तर पेट्रोलचा नाद सोडा.

बंद पडली की किल्ली तशीच चालू ठेवून कान द्या. एसयूचा पंप टिकटिक करतो. कार्ब्युरेटर भरले की चार-सहा टिकटिकींत थांबतो. टिकटिक होऊन थांबला तर पेट्रोल वर पोचलंय. थांबतच नसेल, भराभर टिकटिकत राहिला, तर तो हवा ओढतोय, टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. गळती असेल तर तिथेच किल्ली बंद करा. एकही टिक नाही आणि काटाही मेलेला, तर दोन्हींना मिळून जाणारा करंट गेलाय. पंप आणि कॉइल दोघांना इग्निशन स्विचकडून पांढऱ्या वायरनेच करंट येतो. अशा वेळी दोन वेगवेगळे दोष शोधत बसू नका, स्विच आणि पांढऱ्या वायरचे जोड बघा. चौथ्या प्रकारच्या गाड्यांत बहुतेकदा हेच निघतं.

ऐकून झालं की किल्ली बंद करा. इंजिन बंद असताना पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून सतत करंट जातो आणि ती तापते. खऱ्या दोषात आपला एक वाढवून ठेवायचा नाही.

तिसऱ्या प्रकारात उतरून आधी पेट्रोलचं झाकण उघडा. 'हुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर झाकणाचं किंवा टाकीचं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल ओढलं जातं, त्या जागी हवा येत नाही, टाकीत पोकळी तयार होते. घरी येईपर्यंत झाकण सैल ठेवू नका, पेट्रोल सांडतं. दर थोड्या मैलांवर थांबून उघडा आणि परत लावा.

बॉनेटखाली, फुकटात

डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा. आत पॉइंटपासून बाहेरच्या टोकापर्यंत एक छोटी लवचिक वायर जाते. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारी) प्लेट फिरते तशी ती प्रत्येक वेळी वाकते. पन्नास वर्षं वाकून तिचे तंतू आतल्या आत तुटतात आणि बाहेरचं आवरण मात्र शाबूत राहतं. बघून कळत नाही. दोन बोटांत धरून हलकेच ओढायची. चांगली वायर ताणत नाही. माझी दुसऱ्या खेपेची वायर ओढल्यावर भिजलेल्या सुतासारखी लांबली. आवरण कापून बघितलं तर आत एकच तंतू जोडलेला होता, तोही काळा पडलेला. थंडीत तो टेकायचा, गरमीत सुटायचा. प्लेटला अर्थ देणारी दुसरी छोटी वायर असते, तिचीही अशीच परीक्षा घ्या.

मग कॉइलची टोकं. चपटे खुपसायचे कनेक्टर सैल होतात. ते हातानं हलवले आणि सहज फिरले तर पकडीने किंचित दाबून घट्ट करा. पॉइंटची गॅप फिलर गेजने बघा, ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. गॅप मिटत आली असेल तर पॉइंटची फायबरची टाच घासलीय. कॅमवर ग्रीसचा ठिपका नसला की ती लवकर घासते.

ठिणगी बघा, आणि गरम असतानाच

डिकीत एक जादा प्लग ठेवा. प्लगची एक वायर काढून या जादा प्लगला लावा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनाच्या उघड्या धातूला पक्कं टेकवा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. प्लग हातात धरू नका, जंप लीडच्या चिमट्यात पकडा. या इंजिनात प्लग एका बाजूला आणि कार्ब्युरेटर दुसऱ्या बाजूला आहेत, म्हणून हे करता येतं. तरी पेट्रोलचा वास येत असेल तर ठिणगी पाडायचीच नाही.

निळसर पांढरी, तड तड वाजणारी ठिणगी आली तर पेट्रोलच्या भागाकडे जा. पिवळी, लालसर, मरतुकडी आली, किंवा आलीच नाही, तर पुढे वाचा.

कंडेन्सर. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट जितका झटकन तुटेल तितकी ठिणगी जोरदार. कंडेन्सर नसेल तर करंट उघडणाऱ्या पॉइंटमधून उडी मारत राहतो, तुटायला उशीर लागतो, प्लगपर्यंत जोर पोचत नाही आणि पॉइंट जळतात. कंडेन्सरच्या आतला जोड गरमीत प्रसरण पावून सुटतो, थंड झाल्यावर परत टेकतो. पहिला प्रकार तंतोतंत जुळतो. पॉइंटचे तोंड निळे-काळे किंवा खड्डे पडलेले असतील तर संशय पक्का.

रस्त्यावर याची सोपी परीक्षा आहे. जादा कंडेन्सर घ्या. त्याची वायर कॉइलच्या त्या टोकाला लावा जिथून डिस्ट्रिब्युटरकडे पांढरी-काळी वायर जाते, आणि कंडेन्सरचं अंग गाडीच्या धातूला. डिस्ट्रिब्युटर उघडायचाही नाही. आतला कंडेन्सर सुटला असेल तर गाडी लगेच नीट चालते. मी एकदा अशीच बाहेर बांधलेल्या कंडेन्सरवर डेव्हनहून रीडिंगपर्यंत आले. आतला कंडेन्सर सुटलेला नसून शॉर्ट झाला असेल, तर मात्र आधी तो काढून टाकावा लागतो.

'कंडेन्सर मागच्याच महिन्यात नवा घातलाय' असं सांगून लोक ही पायरी सोडतात. सोडू नका. सध्या मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांत पहिल्याच उन्हाळ्यात गेलेले मी स्वतः काढलेत. काढलेला जुना कंडेन्सर चांगला असेल तर फेकू नका, जपून ठेवा.

रोटर. काही नव्या काळ्या रोटरमध्ये पितळी पट्टी रिव्हेटने बसवलेली असते. त्या रिव्हेटच्या टोकापासून खालच्या दांड्यापर्यंत प्लॅस्टिक पातळ असतं, आणि गरमीत हाय टेन्शन तिथून दांड्यात उतरतो. प्लगला काहीच जात नाही, काटा मात्र नीट असतो. तपासायचं असेल तर कॉइलची जाड वायर झाकणातून काढा, इन्सुलेटेड पकडीने तिचं टोक रोटरच्या मध्यावर तीन मिलिमीटर वर धरा आणि पॉइंट स्क्रूड्रायव्हरने उघडझाप करा. ठिणगी रोटरवर उडी मारत असेल तर तो गळतोय, कारण चांगल्या रोटरमधून तिला जायला वाटच नसते. रिव्हेट नसलेला लाल रोटर मिळतो, तो घाला. मी दोन ठेवलेत.

कॉइल. आता मीटर लागतो. माझ्यासारख्या गाडीला साधी बारा व्होल्टची कॉइल, प्राथमिक बाजूने सुमारे ३ ओहम. नंतरच्या रबर बंपरच्या गाड्यांत बॅलास्टची (करंट कमी करणारी) वायर असते आणि कॉइल सुमारे १.५ ओहमची. बॅलास्टची कॉइल साध्या गाडीत बसवली की दुप्पट करंट जातो, कॉइल भाजण्याइतकी तापते आणि पॉइंट जळतात. जुन्या गाड्यांत आधीच्या मालकाने काय बसवलंय त्याचा भरवसा नाही, म्हणून कॉइलवरच्या नावावर जाऊ नका, मोजा. आणि गरम असतानाच मोजा. थंड कॉइल तुम्हाला चांगलाच आकडा दाखवेल.

पेट्रोल

चोक ओढल्यावर सावरते, ठिणगी जोरदार आहे, असं दिसलं तरच इथे यायचं.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे थांबून परत चालू करताना नडते त्यात, पेट्रोलचा दोष खरोखर असतो. बी-सिरीजमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा लोखंडी भाग) इंजिनाच्या एकाच बाजूला, एकाच्या डोक्यावर दुसरा. गाडी चालताना वारा लागतो. थांबली की ती सगळी धग वर चढते आणि फ्लोट चेंबरमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये साठलेलं, पेट्रोल उकळतं. हल्लीचं पेट्रोल जास्त लवकर उडतं. इथे ब्रिटनमध्ये हिवाळ्यासाठी मुद्दाम आणखी उडणारं पेट्रोल विकतात. त्यामुळे एप्रिल-मेमधल्या पहिल्या गरम दिवशी, टाकीत हिवाळ्याचं पेट्रोल असताना, मला सगळ्यात जास्त फोन येतात.

अशा वेळी किल्ली चालू करा, टिकटिक थांबेपर्यंत थांबा, म्हणजे चेंबरमध्ये थंड पेट्रोल येईल. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. पुन्हा पुन्हा दाबू नका, एसयूमध्ये ॲक्सिलरेटर पंप नसतो, दाबल्याने पेट्रोल उडत नाही. थांबणार असाल तर बॉनेट दोन बोटं उघडं ठेवा.

कायमचा उपाय म्हणून कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डमधले जाड ठोकळे आणि हीट शील्ड बघा. हे शील्ड पूर्वी कोणीतरी काढून फेकलेलं मी अनेक गाड्यांत पाहिलंय. एक सावधगिरी: जुन्या शील्डच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका, घासू नका, हवा मारू नका. तसंच ठेवून नवं शील्ड बसवा, आणि जुन्याची विल्हेवाट काउन्सिलला विचारून लावा.

पंप किती पेट्रोल देतो ते मोजणं मी घरीच करते, इंजिन पूर्ण थंड असताना, उघड्यावर, आग विझवण्याचं सिलिंडर बाजूला ठेवून. कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा. एसयूचा चांगला पंप मिनिटाला सुमारे एक लिटर देतो. अर्ध्या लिटरच्या खाली आला तर फिल्टर, टाकीतली जाळी, नाहीतर पंप. पंप टिकटिकायचा थांबला आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर सुरू झाला, तर त्याचे आतले पॉइंट गेलेत.

नळ्या ओल्या दिसल्या, फुगल्या, वाकवल्यावर चिरा दिसल्या तर सगळ्या बदला. सप्टेंबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये साधं पेट्रोल म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं. जुनं रबर त्याने खराब होतं. इथेनॉल चालणारी नळी मागून घ्या आणि तोवर सुपर पेट्रोल भरा, त्यात ते ५ टक्क्यांपर्यंत असतं.

आणखी एक, जे लोक विसरतात. ठिणगीचं टायमिंग मागे गेलेलं असेल तर ज्वलन उशिरा होतं, एक्झॉस्ट जास्त तापतं आणि कार्ब्युरेटरला जास्त धग लागते. थर्मोस्टॅट ८२ अंशांचा असतो, तो काढून टाकणं हा उपाय नाही.

बदल करायचेच असतील तर

सगळे मला विचारतात, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशनच बसवू का? बसवा, मी विरोधात नाही. गॅप बघायची कटकट जाते. पण दोष सापडल्यावर बसवा. तुटकी वायर, चुकीची कॉइल आणि गळका रोटर तसेच ठेवून इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल बसवलं तर तेही जातं आणि मग दोन दोष होतात. १९६७ पूर्वीच्या गाडीत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, त्याला वेगळं मॉड्यूल लागतं. आणि तयार सेट केलेली जुनी प्लेट, पॉइंट आणि कंडेन्सरसकट, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. मॉड्यूल रस्त्यावर दुरुस्त होत नाही, पॉइंट होतात.

जास्त दाबाचा पंप लावू नका. एसयूच्या चेंबरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या सुईला तीन-साडेतीन पीएसआयच्या वर दाब सोसत नाही, पेट्रोल वरून वाहतं आणि खाली तापलेलं मॅनिफोल्ड असतं. मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळतात, तीही मला पसंत नाही. ओल धरून आतलं लोखंड सडतं. पैसे असतील तर सिरॅमिकचा थर द्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मोटरवेवर बंद पडली तर यातलं काहीही करू नका. डाव्या दाराने उतरा, कठड्याच्या पलीकडे जा आणि ब्रेकडाउनवाल्यांना फोन करा. काटा कुठे होता तेवढं लक्षात ठेवा.

पेट्रोल ठिबकताना दिसलं किंवा गाडीत वास भरला, तर किल्ली बंद, सगळे खाली, गाडी ओढून न्यायची. वायर तापली, आवरण वितळलं किंवा धूर आला तर बॅटरी तोडा. या गाड्यांत इग्निशनच्या पांढऱ्या सर्किटला फ्यूज नसतो. तिथे शॉर्ट झाला तर सगळं वायरिंग जळतं, आणि ते काम ऑटो इलेक्ट्रिशियनचंच आहे.

डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांनी धरून बाजूला हलवून बघा. खुळखुळत असेल तर गॅप कधीच स्थिर राहणार नाही. बुश बदलायला आणि ॲडव्हान्सची वक्ररेषा तपासायला टेस्ट बेंच लागतो. डिस्ट्रिब्युटर पाठवून द्या. कार्ब्युरेटरचे स्पिंडल झिजून हवा ओढत असतील तर तेही घरी होत नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइलच्या झाकणाखाली बराच दुधी चिकटा आणि पाणी सतत कमी होणं, हे तिन्ही एकत्र दिसलं तर हेड गॅस्केट तपासून घ्या. तोवर गाडी चालवू नका.

लेस्टरच्या त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: नवा पंप राहू दे, एक कंडेन्सर, एक लाल रोटर, एक प्लग आणि दोन फूट वायर डिकीत ठेव. काल त्याचा मेसेज आला. ट्रॅफिकमध्ये परत मिसिंग, काटा थरथरत शून्यावर, पंपाची टिकटिक नीट, चोकने काही फरक नाही. बाहेरून कंडेन्सर लावला तरी तसंच. त्याला डिस्ट्रिब्युटरमधली ती छोटी वायर ओढून बघायला सांगितलंय.